हाफ पँट, मोजे आणि त्यांचा मेळ

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या वार्षिकांकात दरवर्षी थोरामोठ्या विषयांवर लेख येतात. विज्ञान शाप की वरदान, आजचा युवक कोठे चालला आहे, निसर्ग आणि मानव, वगैरे. त्या रांगेत पायमोज्यांना नेऊन उभे करणे धाडसाचे आहे याची मला कल्पना आहे. परंतु गेली दोन वर्षे मे महिन्याच्या अखेरीपासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मी घाटकोपर पश्चिमेला, स्टेशनजवळच्या एका गणवेशाच्या दुकानात कामाला होतो. शर्ट-पँटचे काउंटर अनुभवी माणसांकडे असते. नवख्या पोराच्या वाट्याला मोजे, टाय आणि बेल्ट येतात. तेव्हा ज्या विषयाचा अभ्यास मी पगार घेऊन केला, तो सोडून ‘युवक कोठे चालला आहे’ यावर लिहिणे मला प्रामाणिकपणाचे वाटले नाही.

त्या दुकानातले मोज्यांचे कपाट एकदा सर्वांनी पाहावे असे आहे. पांढऱ्यावर दोन निळ्या पट्ट्या, पांढऱ्यावर एक जाड आणि एक बारीक निळी पट्टी, करड्यावर मरून, करड्यावर मरून आणि मध्ये पिवळी रेघ, गडद निळ्यावर पांढरी, शिवाय शनिवारच्या पी.टी.साठी नुसते पांढरे. प्रत्येक खण म्हणजे एक शाळा. करड्या हाफ पँटला करडा मोजा, निळ्या हाफ पँटला निळा, आणि वरच्या पट्टीत शाळेच्या टायचा किंवा बेल्टचा रंग. पहिल्या आठवड्यात मी एका पट्टीऐवजी दुसरी दिली की शेठ न बघता ओळखत. पुढे मलाही मुलाच्या पोटरीकडे पाहून त्याची शाळा सांगता येऊ लागली. पट्टी पाहिली की माध्यम कळते, माध्यमावरून फीचा अंदाज येतो, आणि फीवरून बाप काय करत असेल तेही साधारण कळते. पोटरीवर चार बोटे रुंद जागेत एवढी माहिती कोणी लिहून ठेवली, हा प्रश्न मला तिथे पडला आणि तो घेऊन मी कॉलेजच्या ग्रंथालयात गेलो. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मीच पहिला असल्यामुळे अशा प्रश्नाला कोणत्या कपाटात शोधायचे हे सांगणारे घरी कोणी नव्हते. ग्रंथपाल सरांनी आधी ‘वस्त्रोद्योग’ दाखवला, मग ‘इतिहास’. उत्तर दोन्हींत अर्धे अर्धे होते.

आधी शब्दांचे पाहू. ‘मोजा’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, आणि फारसीत त्याचा अर्थ बूट असा होता. इंग्रजीतल्या ‘सॉक’चेही तसेच आहे, त्याचे मूळ लॅटिन ‘सॉकस’, म्हणजे रोमन रंगभूमीवर विनोदी नट घालीत ती हलकी चप्पल. म्हणजे दोन्हीकडे मोजा हा आधी जोडाच होता आणि नंतर जोड्याच्या आत गेला. मोजे यंत्रावर विणण्याची युक्ती १५८९ साली इंग्लंडात विल्यम ली नावाच्या गृहस्थाने काढली. पण हातांनी विणणारे गरीब देशोधडीला लागतील म्हणून राणी एलिझाबेथने त्याला मक्ता दिला नाही असे सांगतात. यंत्र आणि कामगार यांचा झगडा मोज्यापासून इतका जुना आहे!

मोज्याच्या रंगावरून माणसाची पायरी ठरवणे हेही तिकडे जुनेच. अठराव्या शतकात लंडनला एलिझाबेथ माँटेग्यू या विदुषीच्या घरी साहित्यिक गप्पांच्या बैठका होत. सभ्य माणसाने अशा ठिकाणी पांढरे किंवा काळे रेशमी मोजे घालून जावे असा रिवाज होता. बेंजामिन स्टिलिंगफ्लीट हे विद्वान गृहस्थ मात्र रोजचे निळे, जाडेभरडे लोकरी मोजे घालून येत. त्यावरून त्या मंडळाला ‘ब्लू स्टॉकिंग’ नाव पडले, आणि पुढे शिकलेल्या बाईला चिडवण्यासाठी तो शब्द इंग्रजीत वापरला जाऊ लागला. निळे मोजे एका पुरुषाचे, आणि टोमणा मात्र बायकांच्या वाट्याला. याचा अर्थ इंग्रजीच्या विद्यार्थ्यांनी लावावा.

मुलांच्या मोज्यांचा खरा थाटमाट मात्र अमेरिकेत झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथला मुलगा गुडघ्यापर्यंतची विजार घालीत असे. लांब विजार हा मोठ्या माणसाचा मान. तो साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास मिळे. गुडघ्याशी आवळलेल्या ढगळ विजारीला ते ‘निकरबॉकर’ म्हणत. वॉशिंग्टन अर्व्हिंग या लेखकाने १८०९ साली ‘डीड्रिख निकरबॉकर’ असे टोपणनाव घेऊन न्यूयॉर्कचा एक विनोदी इतिहास लिहिला होता. त्याच्या पुढच्या आवृत्तीतील चित्रांमध्ये जुन्या डच लोकांच्या अंगावर तसल्या विजारी होत्या, म्हणून हे नाव. त्याचा उरलेला तुकडा म्हणजे ‘निकर’. आमच्या चाळीत आजही आई पोराला “निकर घाल आधी” म्हणून ओरडते, तेव्हा ती दोनशे वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन थट्टेचा उच्चार करीत असते.

विजार गुडघ्याशी संपली की खालचा अर्धा पाय उघडा राहतो. तिकडची थंडी आणि तिकडची सभ्यता या दोघींनाही ते चालणार नव्हते, म्हणून मांडीपर्यंतचे लांब मोजे आले. ते वर टिकवण्यासाठी मुलाच्या अंगात बटणांची एक बंडी असे आणि तिला लोंबणाऱ्या इलास्टिकच्या पट्ट्यांना मोजे अडकवलेले असत. (आमच्याकडे याच कामाला दुधाच्या पिशवीचा किंवा पेपरवाल्याचा रबरबँड असतो. तो काढल्यावर पोटरीवर जो वळ उठतो, तो मुंबईच्या कित्येक मुलांनी बाळगला असेल.) १८७०-८० च्या सुमारास या मोज्यांना आडव्या पट्ट्यांची फार आवड होती: लाल-पांढरे, निळे-पांढरे. त्याच सुमारास खेळातही मोज्यांनी नाव कमावले. १८६९ साली सगळ्या खेळाडूंना उघडपणे पगार देणारा पहिला बेसबॉल संघ सिनसिनाटी शहराने उतरवला, त्याचे नावच ‘रेड स्टॉकिंग्ज’. खेळाडूंनी आखूड विजार घातल्यामुळे लाल मोजे लांबून दिसत, आणि प्रेक्षक त्यांना मोज्यांवरूनच ओळखत. आजच्या बोस्टनच्या ‘रेड सॉक्स’ आणि शिकागोच्या ‘व्हाइट सॉक्स’ या संघांच्या नावांत तीच परंपरा आहे. आमच्या कपाटातला ‘खण म्हणजे शाळा’ हा नियम तिथे ‘मोजा म्हणजे शहर’ असा होता.

मग १८९० च्या सुमारास सगळे रंग मागे पडले आणि काळा मोजा आला. सूट करडा असो, तपकिरी असो, चौकड्यांचा असो, खाली मोजा काळाच. ‘लिटल लॉर्ड फॉन्टलरॉय’ या १८८६ च्या कादंबरीमुळे श्रीमंत घरच्या मुलांवर मखमली पोशाखाची साथ आली होती, त्या मखमलीखालीही बहुधा काळाच. फक्त उन्हाळ्यातला पांढरा खलाशी-पोशाख किंवा एखादा समारंभ असला तर पांढरा. म्हणजे ‘मेळ’ याचा अर्थच बदलला. आधी मोजा कपड्याशी जुळायचा, आता सगळ्या मुलांचे मोजे एकमेकांशी जुळू लागले.

असे का झाले याचे कारण मला पुस्तकापेक्षा आमच्या आजोबांकडून अधिक नीट कळले. आजोबा गिरणीच्या रंगखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला जो संप सुरू झाला, त्यानंतर ते परत गेले नाहीत आणि आमचे कुटुंब लालबागहून भटवाडीच्या टेकडीवर आले. मी त्यांना काळ्या मोज्यांचे सांगितले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला: “रंग पक्का होता का?” त्यांचे म्हणणे असे की सुतावर लाल, पिवळा, निळा कसाही चढतो, पण काळा हा सगळ्यांत अवघड. कच्चा काळा दोन धुण्यांत हिरवट होतो किंवा तांबूस होतो, आणि ओला झाला की कातडीवर उतरतो. पुढे वाचताना आढळले की मुद्दा नेमका हाच होता. कृत्रिम रंगांचे युग १८५६ साली विल्यम पर्किनने सुरू केले (तेव्हा तो अठरा वर्षांचा होता, आपण सर्वांनी थोडे लाजावे), आणि १८६० नंतर ‘अॅनिलिन ब्लॅक’ आला. पण मोज्यात तो न उतरणारा, न निघणारा करून दाखवला तो जर्मनीतील केमनिट्झ गावच्या लुई हर्म्सडॉर्फ या रंगाऱ्याने. त्याचा शिक्का असलेले ‘पक्के काळे’ मोजे अमेरिकेत जाहिराती देऊन विकले जात. एकदा काळा पक्का झाल्यावर त्याचा सोय म्हणून उपयोग आईच्या लक्षात येणारच. मळ दिसत नाही, रफू दिसत नाही, थोरल्याचा मोजा धाकट्याला देता येतो आणि जोडीतला एक हरवला तर दुसऱ्या जोडीतला चालतो. कंपन्यांनी ‘दुहेरी गुडघ्याचे’ मोजे काढले, कारण मुले गुडघ्यावर रांगून गोट्या खेळतात हे तिकडेही तसेच. १८९० नंतर सिअर्स-रोबक कंपनीचा जाडजूड कॅटलॉग टपालाने खेडोपाडी जाऊ लागला आणि शेतकऱ्याच्या मुलाच्या पायातही शहरातल्यासारखाच काळा मोजा आला.

अर्थात रविवारी. उन्हाळाभर खेड्यातला मुलगा शाळेत अनवाणीच जात असे. आणि गिरणीतली मुले? लुईस हाइन हा छायाचित्रकार १९०८ पासून बालमजुरीविरुद्धच्या समितीसाठी गिरण्यांमधून फोटो काढत हिंडला. जॉर्जिया राज्यातील मेकन गावच्या गिरणीत १९०९ च्या जानेवारीत काढलेला त्याचा एक फोटो जगप्रसिद्ध आहे: तुटलेले धागे जोडण्यासाठी आणि रिकाम्या बॉबिनी बदलण्यासाठी साच्यावर चढलेली लहान मुले, पाय उघडे. पुढच्याच वर्षी त्याने टेनेसीतील लाउडन गावच्या मोज्यांच्या गिरणीत काम करणाऱ्या मुलांचे फोटो काढले. दुसऱ्या मुलांच्या पायात मोजे जावेत म्हणून ही मुले दिवसभर यंत्रापाशी उभी. हे फोटो मी आजोबांना मोबाइलवर दाखवले. ते साच्याकडेच बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, “आमच्याकडचा पण असाच होता.” मुलांविषयी ते काही बोलले नाहीत.

पहिल्या महायुद्धानंतर काळ्याचे राज्य ओसरले. तपकिरी, बदामी, करडे मोजे आले. १९२२ साली इंग्लंडच्या युवराजाने गोल्फच्या मैदानावर नक्षीचा ‘फेअर आइल’ स्वेटर घातला आणि त्यानंतर स्वेटरच्या नक्षीशी जुळणारे, वर दुमडलेले गुडघामोजे ही फॅशन मुलांपर्यंत उतरली. १९४० च्या आसपास निकरबॉकर संपले. मुले लहानपणापासून लांब विजार घालू लागली आणि अमेरिकन मोज्याची गोष्ट तिथेच विजारीच्या आत गडप झाली. पाय दिसतो तोवरच मोज्याला रंग असतो.

आता आपल्याकडे येऊ. मराठी मुलाच्या पोशाखात मोज्याला मुळात जागाच नव्हती. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या शाळकरी मुलांचे फोटो पाहिले तर टोपी, सदरा, फार तर बंद गळ्याचा कोट, खाली धोतर, आणि पाय बहुधा उघडे. मोजे घालीत ती मोठी माणसे: धोतर, कोट, पगडी, आणि खाली मोजे नि पंपशू, असा मुंबईचा कारकून किंवा वकील असे. धोतराखाली मोजा ही आज आपल्याला गंमत वाटते, पण त्यात एक गोष्ट स्पष्ट होती: हा माणूस साहेबाच्या कचेरीत जातो. मोजा ही नोकरीची खूण होती.

हाफ पँट आणि तिच्याशी जुळणारा मोजा हे जोडपे आपल्याकडे शाळेतून आले असे मला आधी वाटे. पण ते छावणीतून आले असावे असा माझा तर्क आहे. ‘खाकी’ म्हणजे धुळीच्या रंगाचा. १८४६ साली पेशावरला उभारलेल्या ‘गाइड्स’ पलटणीपासून तो लष्करात शिरला. हिंदुस्थानातल्या उन्हासाठी गोऱ्या सैनिकांनी खाकी अर्धी विजार घेतली आणि खाली ‘होजटॉप’ घातला. होजटॉप म्हणजे पाऊल नसलेला मोजा, नुसती पोटरीची नळी. त्यावर घोट्यापासून गुंडाळायची ती ‘पट्टी’. हा आपलाच शब्द इंग्रजांनी ‘पुटी’ करून नेला. होजटॉपमागची अक्कल मला फार आवडली. मोजा फाटतो तो नेहमी टाचेला आणि अंगठ्याला. पोटरीचा भाग वर्षानुवर्षे टिकतो. मग दिसणारा, रंगाचा, पलटणीचा भाग वेगळा ठेवावा आणि झिजणारे पाऊल स्वस्तात बदलावे. आमची आई जुन्या मोज्यांची पावले कापून वरच्या नळ्यांचा उपयोग गरम भांडी धरायला करते, तिला ब्रिटिश सरकारने निदान सल्लागार नेमायला हरकत नव्हती.

१९०७ साली बेडन-पॉवेल या लष्करी अधिकाऱ्याने ब्राउनसी बेटावर मुलांचे पहिले शिबिर भरवले आणि स्काउट चळवळ निघाली. अर्धी विजार, दुमडलेले गुडघामोजे आणि दुमडीखालून डोकावणारी रंगीत फीत हे सारे तिने लष्करी पोशाखावरून मुलांच्या अंगावर आणले. दोनच वर्षांत ती हिंदुस्थानात पोचली. १९४८ साली एन.सी.सी. आली. पोलीस तर हाफ पँटमध्येच होते. १९७५ च्या ‘पांडू हवालदार’ मध्ये दादा कोंडके ज्या वेषात दिसतात तो मुंबईकरांच्या ओळखीचाच होता. आज पोलिसांची हाफ पँट गेली. राष्ट्रीय स्वयंसेवक संघानेही २०१६ च्या विजयादशमीपासून खाकी हाफ पँटऐवजी तपकिरी फुल पँट स्वीकारली. मोठ्या माणसांनी एकेक करून अर्धी विजार सोडली आणि ती उरली शाळेतल्या मुलांना.

कपड्याचा आणि मानाचा संबंध आपल्याकडे कोणी सर्वांत स्पष्ट ओळखला असेल तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. सातारच्या शाळेत त्यांना घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळे बसावे लागे. तोच मुलगा १९१३ च्या जुलैत न्यूयॉर्कला उतरला, ज्या शहरातली शाळकरी मुले त्या वेळी निकरबॉकर आणि काळ्या मोज्यांत हिंडत होती. पुढे १९२७ च्या डिसेंबरात महाडला त्यांनी जमलेल्या स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलण्यास सांगितले. कारण नेसण्यावरून जात ओळखू येई, आणि ओळखू आली की पुढचे सारे ठरलेले असे. शाळेच्या गणवेशाचे समर्थन करणारे म्हणतात की गणवेशामुळे गरीब-श्रीमंत ओळखू येत नाही. हे एका शाळेच्या भिंतीआड पुष्कळ अंशी खरे आहे, आणि मी स्वतः त्याचा लाभ घेतला आहे. पण शाळा सुटून मुले एम. जी. रोडवर आली की तोच गणवेश उलटे काम करतो. तेव्हा पोटरीवरची पट्टी बोलू लागते.

या पट्टीला खर्च किती येतो? मोजा नळीसारखा गोल विणला जातो. एका सिलिंडरभोवती सुया उभ्या असतात, प्रत्येक सुईला टोकाशी एक हलणारी जीभ असते, आणि सिलिंडर फिरला की सुया वरखाली होऊन टाके घालतात. सुरुवात वरच्या काठापासून होते, तिथे धाग्याबरोबर रबराचा धागा जातो. नंतर पोटरीची नळी. टाचेपाशी यंत्र पूर्ण फिरायचे सोडून पुढेमागे हेलकावे घेते, त्यामुळे तिथे पिशवी तयार होते. शेवटी अंगठ्याचे तोंड शिवून बंद करतात. सारे मिळून काही मिनिटांचे काम. पट्टी आणायची म्हणजे ठरलेल्या फेऱ्यांना पांढऱ्या धाग्याचा बोटा मागे सरतो आणि निळ्याचा पुढे येतो, एवढेच. जास्तीचे सूत लागत नाही, वेळ जवळजवळ लागत नाही. म्हणजे विणणाऱ्याच्या दृष्टीने पट्टी ही फुकट आहे.

विकणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तीच सारे काही आहे. आमच्या दुकानाच्या दारातून दिसेल इतक्या अंतरावर, स्टेशनच्या बाहेर, शंभर रुपयांना तीन जोड साधे मोजे मिळतात. आमच्याकडे पट्टीचा एक जोड साठ-सत्तरला. पालकांना हे दिसत नाही असे नाही. शर्टाचे कापड ते कुठूनही घेतात, शेजारच्या बाईकडून शिवून घेतात, गेल्या वर्षीची पँट खालची शिवण उसवून लांब करतात. मोज्याला मात्र पर्याय नाही, कारण तसली पट्टी फुटपाथवर येत नाही. ठरावीक दुकानातूनच साहित्य घ्या अशी सक्ती शाळांनी करू नये असे शासनाचे सांगणे आहे, आणि कोणतीही शाळा तशी सक्ती करीत नाही. ती फक्त पट्टीचा रंग ठरवते.

माझ्या दुसऱ्या जूनमध्ये एक बाई आल्या, पावसात भिजलेल्या, हातात एक मोजा. करडा, मरून पट्टीचा.

“दादा, यातला एकच मिळेल का?”

मी म्हणालो, “मावशी, मोजे जोडीने येतात.”

“ते ठाऊक आहे रे. पण हा चांगला आहे अजून. दुसरा नाल्यात गेला.”

शेठनी गल्ल्यावरून ऐकले आणि कपाटाच्या खालच्या खणातला एक पुठ्ठ्याचा खोका दाखवला. त्यात एकेकटे मोजे होते: कारखान्यातून एकाच पायाचा डाग असलेले, जोडी उसवलेले, परत आलेले. आम्ही दोघांनी मिळून शोधले. मरूनच मिळाला, पण पट्टी अर्धे बोट खाली होती. बाईंनी दोन्ही मोजे शेजारी धरून पाहिले, म्हणाल्या, “दुमडून घालील.” शेठनी दहा रुपये घेतले. फुकट दिला असता तर बरे झाले असते असे मला त्या वेळी वाटले. आता वाटते की दहा रुपये घेतले म्हणून त्या पुन्हा येऊ शकतील.

काळ्या मोज्याची जी सोय अमेरिकन आईला १९०० साली होती, एक हरवला तर दुसऱ्यातला चालवण्याची, ती पट्टीने काढून घेतली आहे हे मला त्या खोक्यापाशी कळले.

सरकारी बाजूही सांगितली पाहिजे. मुंबई महानगरपालिका आपल्या शाळांतील मुलांना २७ शालोपयोगी वस्तू मोफत देते, त्यांत बूट आणि मोजेही आले. जिल्हा परिषदेच्या आणि इतर सरकारी शाळांमधल्या मुलांसाठी राज्य शासनाने २०२३ साली एक जोडी बूट आणि दोन जोड्या पायमोजे देण्याचे ठरवले आणि त्यासाठी दर विद्यार्थ्यामागे १७० रुपये मंजूर केले. हे वाचून आमच्या दुकानातली मंडळी हसली, कारण बूट तेवढ्यात येत नाहीत. मला मात्र ‘दोन जोड्या’ या शब्दांनी आनंद झाला. ज्याने हे लिहिले त्याच्या घरी कधीतरी पावसाळा झाला असला पाहिजे. जुलै महिन्यात दहा बाय बाराच्या खोलीत एक जोड मोजा रात्रीतून वाळत नाही. फ्रिजच्या मागच्या जाळीवर ठेवा, इस्त्री फिरवा, गॅसवरचा गरम तवा उतरवून त्याच्या कडेला ठेवा, सकाळी तो दमटच असतो आणि त्याला वास येतो. दुसरा जोड असणे याचा अर्थ कोरड्या पायांनी वर्गात बसणे. काही शाळा पावसाळ्यापुरती सँडल चालवून घेतात, ते फार शहाणपणाचे आहे. पण आमच्या ओळखीच्या एका शाळेत (नाव सांगत नाही) भर पावसात प्रार्थनेच्या वेळी मोजे तपासतात. माझी धाकटी बहीण ओला मोजा दप्तरात ठेवून साधा पांढरा घालून गेली, तर तिला वर्गाबाहेर उभे केले. तिचे म्हणणे होते, “पट्टी ओली होती.” यावर बाई हसल्या म्हणे, पण उभे केलेच.

पट्टीचा हा धाक संपतो कधी, याचे उत्तर दुकानातल्या हिशेबात आहे. आपल्याकडच्या बऱ्याच शाळांत मुलांना आठवीपासून फुल पँट मिळते. अमेरिकेत चौदाव्या वर्षी लांब विजार मिळे, जवळपास त्याच वयात. एकदा फुल पँट आली की पोटरी झाकली जाते, तपासणाऱ्याला वाकून पाहावे लागते, आणि कोणी वाकत नाही. त्यामुळे आठवीनंतरच्या मुलांचे पट्टीचे मोजे आमच्याकडे फारच कमी खपतात. ती पोरे स्टेशनबाहेरचे शंभराला तीन घालतात आणि वर्ष काढतात. मुलींचे तसे नाही. जिथे आठवीपासून पंजाबी ड्रेस आहे तिथे त्यांचीही सुटका होते, पण जिथे दहावीपर्यंत स्कर्ट किंवा ट्युनिक आहे तिथे पट्टी दहावीपर्यंत दिसत राहते आणि दहावीपर्यंत विकत घ्यावी लागते. गुडघ्यापर्यंतचा मोजा, म्हणून किंमतही थोडी जास्त. एकाच शाळेत, एकाच घरातून गेलेल्या भावाबहिणींत बहिणीच्या मोज्यांवर तीन वर्षे अधिक खर्च होतो. शेठना मी हे दाखवले तेव्हा ते म्हणाले की हे त्यांना वीस वर्षे माहीत आहे, म्हणूनच मोठ्या नंबरांत ते मुलींचाच माल भरतात. माझी बहीण या जूनमध्ये आठवीत जाईल. तिच्या शाळेत स्कर्ट आहे.